पद्मिनीचा गंज: दीड पावसाळ्यानंतरचा हिशेब

आमच्या जुन्या पद्मिनी गाडीचा गंजलेला पत्रा कापून नवा जोडायचं काम गेल्या वर्षी मार्चमध्ये संपलं, तेव्हाच लिहायला बसलो होतो. आमचे डेंटर (गाडीच्या पत्र्याचं काम करणारे) चाचा म्हणाले, "मास्तर, आत्ता काय लिहिणार? रंग ओला आहे तोवर सगळंच छान दिसतं. एक पाऊस जाऊ दे." एक अख्खा पाऊस गेला, दुसरा अर्धा होत आलाय. आता लिहायला हरकत नाही.

गाडी म्हणजे १९९४ ची प्रीमियर पद्मिनी. पेट्रोल, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. मामांची होती. दादरला इमारतीखाली सतरा वर्षं सावलीत उभी राहून ठणठणीत राहिली आणि रत्नागिरीत आमच्याकडे आल्यावर बारा वर्षांत खंगली. घर समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि उरलेले आठ महिने खारट हवा. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे पाऊस नसतानाही पत्र्यावर पाण्याचा पातळ थर असतोच. गंजाला तेवढं पुरतं.

कळलं ते असं की गाडी चालवताना उजवा पाय ओला व्हायला लागला. मॅट काढलं, त्याखालचा भिजलेला फेल्ट सोलला, तर भोकातून खालचा अंगणातला जांभा दिसला.

आरसीचं, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं, नूतनीकरण जूनमध्ये होतं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडी तपासणीला न्यावी लागते, आणि तळाला भोक असलेली गाडी घेऊन आरटीओत उभं राहायची माझी तयारी नव्हती. त्यात ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली. ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेली, टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली म्हणून गेली. मग सगळ्यांनी मला सल्ला दिला की आता मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, जुन्या गाड्यांच्या भंगार बाजारात, पद्मिनीचे पत्रे स्वस्तात मिळतील. गेलो. मिळतात. पण मुंबईचीही हवा खारीच. त्या गाड्या कुजल्या त्याही नेमक्या त्याच जागी, दाराखाली आणि पायाखाली. दोन चांगले दरवाजे आणले आणि बाकीचं घरीच करायचं ठरवलं.

आता मूळ दुखणं. चार वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये मी हौसेने खालून काळं कोटिंग मारून घेतलं होतं, "गंज येणारच नाही" म्हणून. पद्मिनीच्या दाराखाली पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत पत्र्याची पोकळ पेटी जाते. काचेच्या रबरातून, दाराच्या फटीतून आत शिरलेलं पाणी शेवटी तिथे पोचतं. ते निघून जावं म्हणून पेटीच्या तळाला प्रत्येक बाजूला चार भोकं आहेत. कोटिंगवाल्याने आठही भोकं मन लावून बुजवली होती. पेटीची टाकी झाली. जानेवारीत मी तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचला, तो मुठीपर्यंत आत गेला आणि बाहेर काढला तेव्हा पाणी आलं. जानेवारीत! चार महिने आधीचा पाऊस आत साठून होता.

ज्याला गाडीला "अंडरकोटिंग" करून घ्यायचंय त्याने आधी खाली झोपून भोकं मोजावीत आणि काम झाल्यावर पुन्हा मोजावीत. पैसे त्यानंतर द्यावेत.

चाचांनी गाडीभोवती एक फेरी मारली, हातोडीच्या मागच्या टोकाने पत्रा वाजवत. चांगला पत्रा टणकन वाजतो, कुजलेला थपथप. खडूने खुणा करत गेले. मला वाटलं होतं त्याच्या दुप्पट जागा निघाली. मी म्हटलं, "एवढं कापायचं?" तर म्हणाले, "मेलेल्या पत्र्याला वेल्डिंगचा टाका बसत नाही. जिवंत पत्रा लागेपर्यंत कापायचं." हे वाक्य पुढे मला फार महागात शिकायचं होतं, ते खाली येईलच.

वाटणी अशी ठरली: दाराखालच्या दोन्ही पेट्या त्यांनी करायच्या, फरशी, बॅटरीची बैठक आणि मडगार्डची खालची टोकं मी. कारण पद्मिनीला जीपसारखी वेगळी चासी नाही. बॉडी हीच चासी, आणि त्या पेट्या म्हणजे तिचा कणा. नीट आधार न देता पेटी कापली तर गाडी मधे बसते आणि मग दरवाजा जन्मात लागत नाही. चाचांनी दाराच्या चौकटीत आडवे-तिडवे चौकोनी पाइप टाचले, चारी चाकांखाली सारख्या उंचीचे ठोकळे दिले, आणि दर वीतभर काम झालं की पाइप सोडून दार लावून बघायचे. दार हीच त्यांची मोजपट्टी. पेटीला त्यांनी १८ गेजचा, म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटर जाडीचा सीआर (थंड लाटलेला, जस्त न चढवलेला) पत्रा वापरला. मी फरशीला २० गेजचा.

माझं यंत्र म्हणजे घरगुती विजेवर चालणारं छोटं मिग वेल्डिंग, यात तार आपोआप पुढे येते आणि वितळून टाका घालते. कंपनीचं नाव घेत नाही, या किमतीतली सगळी एकाच साच्यातली वाटतात. यंत्र, टाक्याला हवा लागू नये म्हणून सोडायच्या सीओटू गॅसचं सिलिंडर, रेग्युलेटर आणि मास्क मिळून सव्वीस हजारांच्या आसपास गेले. आधी चिकटपणा करून गॅसशिवाय चालणारी, पोटात फ्लक्स (टाक्याचं हवेपासून रक्षण करणारी पूड) भरलेली तार वापरली. पातळ पत्र्यावर ती माझ्या हातून जमलीच नाही. उष्णता जास्त, ठिणग्यांचा सडा, आणि टाका घालायला जावं तर भोक मोठं. त्या तारेला टॉर्चची जोडणी उलटी, ऋण टोकाला करावी लागते हेही मला आठवड्याने कळलं. मग सिलिंडर आणलं, ०.८ मिलिमीटरची साधी तांबेरी तार लावली, आणि दुसऱ्या दिवशीपासून माणसात आलो.

पातळ पत्र्याला सलग वेल्ड ओढायचा नसतो. एक ठिपका द्यायचा, थांबायचं, लांबच्या टोकाला दुसरा, मग मधे तिसरा. आजी गोधडी घालताना आधी चार कोपरे टाचून घ्यायची तसं. घाई केली की पत्रा पापडासारखा फुगतो आणि तो पुन्हा सपाट करणं माझ्या आवाक्यातलं नाही. इथे चाचांची जुनी गॅसवेल्डिंग श्रेष्ठ. पत्रा तीतही वाकतो, मिगपेक्षा जास्तच वाकतो, पण टाका मऊ राहतो, हातोडी आणि डॉलीने (पत्र्यामागे धरायच्या लोखंडी ठोकळ्याने) ठोकून तो पत्र्यात जिरवता येतो. मिगचा टाका कडक. तो ग्राइंडरनेच खाली आणावा लागतो, आणि ग्राइंडर जरा कलला की शेजारचा चांगला पत्रा कागदाएवढा पातळ.

खरी अडचण वाऱ्याची निघाली. खारे वारे आणि मतलई वारे मी पोरांना भूगोलात शिकवतो, पण त्यांचा वेल्डिंगशी संबंध असेल हे ध्यानात आलं नव्हतं. सकाळी टाके सुरेख पडायचे आणि दुपारी त्याच सेटिंगवर जाळी पडल्यासारखे, बारीक भोकाभोकांचे. दोन दिवस यंत्राला शिव्या दिल्या. दुपारी समुद्रावरून वारा सुटायचा आणि टाक्यावरचा गॅस उडवून न्यायचा, एवढंच होतं. मग सकाळी सात ते साडेदहा एवढंच वेल्डिंग, नंतर ग्राइंडिंग. विजेचंही तसंच. संध्याकाळी दाब उतरला की आर्क तडतडून विझायचा. लांब, बारीक वायरचं एक्स्टेंशन बदलून अडीच चौरस मिलिमीटरची जाड वायर आणली, तेव्हा निम्मा फरक पडला.

आणि तारेचं रीळ! पहिल्या जूनमध्ये ते यंत्रातच राहिलं. ऑगस्टमध्ये उघडलं तर गंज चढून तार नळीत अडकली. गंज काढायला आणलेल्या यंत्रातच गंज. आता रीळ तांदळाच्या जुन्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत असतं.

एक मूर्खपणाही सांगून टाकतो. सीआर पत्रा संपला म्हणून एका रविवारी जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याचा, तुकडा लावला. जस्त जळून पांढरा धूर निघाला, मी पडवीतच होतो, मास्क फक्त डोळ्यांचा. संध्याकाळी हुडहुडी भरून ताप आल्यासारखं झालं, दुसऱ्या दिवशी उतरलं. जस्त चढवलेला पत्रा वेल्ड करू नका, करायचाच असेल तर कडेचं जस्त पूर्ण घासून काढा आणि उघड्यावर, धूर तोंडाकडे येणार नाही असे उभे राहून करा. बॅटरीची तार काढणं, पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवणं, बाजूला पाण्याची बादली आणि ओलं पोतं असणं हे सगळे सांगतातच. मी पोत्याला हसलो होतो. फरशीवरच्या जुन्या डांबरी थराने पेट घेतला तेव्हा तेच उपयोगी पडलं.

आता सोळा महिन्यांनंतर काय उभं आहे?

दाराखालच्या पेट्यांत आम्ही, खरं तर आमच्या भांडणाने, एक प्रयोग करून टाकला. आतून काय मारायचं यावर एकमत होईना. चाचांचं मत जळकं ऑइल, "चाळीस वर्षं तेच मारतोय." माझं मत पोकळ जागेत फवारायचं मेणाचं मिश्रण. शेवटी उजवी पेटी त्यांच्या पद्धतीने, डावी माझ्या. दोन महिने उजवीकडून अंगणात काळे थेंब पडत होते, बायकोने गाडी रांगोळीच्या जागेपासून हलवायला लावली ती तेव्हापासूनच. पहिल्या पावसानंतर मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा भोकातून आत घातला. डावीकडे मेणाचा मधासारखा थर जसाच्या तसा, टाक्यांवरसुद्धा. उजवीकडे ऑइल उतरून तळाशी गेलेलं, वरच्या टाक्याच्या रेषेवर तपकिरी धूळ. कुजलेलं नाही, पण सुरुवात आहे. चाचांना दाखवलं. बराच वेळ मोबाइलकडे बघून म्हणाले, "दरवर्षी मारायचं असतं, मास्तर. तुम्ही मारलं का?" नव्हतं मारलं. त्यामुळे हा सामना मी जिंकलो असं छातीठोक म्हणता येत नाही. दरवाजे मात्र दोन्ही बाजूंचे एका बोटाने लागतात, ते श्रेय पूर्ण त्यांचं.

बॅटरीची बैठक उत्तम. तिथला पत्रा ॲसिडने खाल्ला होता. कापण्याआधी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन काढला, नवा तुकडा काठाला काठ लावून जोडला, वर इपॉक्सी प्रायमर. डागही नाही.

मडगार्डच्या टोकांना डावीकडे केसाएवढी एक चीर गेलीय. तिथे मी लांबी (खड्डे भरायची पुट्टी) जरा जास्त भरली. पेंटर ओरडला होता की लांबी नखाएवढी चालते, बोटाएवढी नाही. चाकाने उडवलेली खडी आतून आपटते आणि जाड लांबी तडकते. शिवाय लांबी पाणी पिते, त्यामुळे चिरेच्या खाली काय चाललंय ते उघडल्यावरच कळेल.

आणि फरशी. शेजारच्या सीटखाली मी तुकडा काठाला काठ भिडवून बसवला, त्यात मला तीन रविवार गेले, पण आज तो शोधून सापडत नाही. ड्रायव्हरच्या पायाखाली पोचेपर्यंत कंटाळलो होतो. काठाला काठ लावताना भोकं पडतात, म्हणून नवा पत्रा जुन्यावर इंचभर चढवला आणि सगळीकडून टाके घेतले. भक्कम वाटला, वर उभं राहून उड्याही मारल्या. वरून सीलर भरला. खालून सायलेन्सरच्या बाजूला हात पोचेना, तिथे तसंच सोडलं. हा आळस वरून रंगाने झाकला. ऑक्टोबरमध्ये खालून एक तपकिरी रेघ दिसली. या जूनमध्ये रुपयाएवढा फोड आला. टोचून पाहिलं तर माझे टाके शाबूत, नवा पत्रा शाबूत, आणि दोन पत्र्यांच्या मधे गेलेल्या पाण्याने जुन्या पत्र्याची ती इंचभर पट्टी पापुद्रे सुटून गेलेली. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. दोन पत्र्यांच्या मधे तो पाचरीसारखा फुगतो आणि फट आणखी उघडतो. ती पट्टी मुळातच मेलेली होती. खडूची खूण तिच्याही पलीकडे होती, मी अलीकडे कापलं.

यंत्र घ्यावं का, असं दोघांनी विचारलंय. एकाच गाडीसाठी घेऊ नका. चाचांच्या तोडीचा माणूस गावात असेल तर त्याच्या हाताखाली चार रविवार पत्रा धरून उभे राहा, पैसे त्याला द्या. माझे पैसे वसूल झाले ते शेजाऱ्यांचं गेट, शाळेची दोन बाकं आणि विहिरीवरची जाळी जोडून. बाकं फुकट.

फरशीचा तो तुकडा दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की कापणार. या वेळी खडूच्या रेघेवर. तोवर पाऊस थांबला की सायकलची तार घेऊन गाडीखाली वाकतो आणि भोकं मोकळी करतो. काल डावीकडच्या चारही भोकांतून पाणी ठिबकत होतं, उजवीकडे तीनच. चौथ्यात तार घातली तर आतून वाळलेली माती आली. कुंभारीण माशीने घर बांधलं होतं.