युनिव्हेर झेरोचा ‘एरेझी’: पावसाळ्यापासून थंडीपर्यंत ऐकून झाल्यावर

हा अल्बम घ्यायच्या आधी जेवढं म्हणून वाचलं त्यात एकच पालुपद होतं, की जगातला सगळ्यात भयानक अल्बम, रात्री एकट्याने ऐकू नका, दिवे चालू ठेवा वगैरे वगैरे. इतके महिने ऐकून सांगतो, त्या नादाला लागू नका. भूतबित काही निघत नाही त्यातून. सुरुवातीला तर भीती सोडा, चक्क कंटाळा येतो, आणि ‘एरेझी’चं कौतुक करणारे लोक हा कंटाळ्याचा भाग का लपवतात ते मला अजून कळलेलं नाही, कारण खरी मजा तो टप्पा ओलांडल्यावरच सुरू होते.

ज्यांना बँडच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. युनिव्हेर झेरो हा बेल्जियमचा बँड, १९७४ मधला, ड्रमर दानिएल देनी याचा. हा माणूस त्याआधी थोडा काळ फ्रान्सच्या माग्मा बँडमध्ये ड्रम वाजवून आलेला. नाव घेतलं बेल्जियन लेखक जाक स्टर्नबर्गच्या पुस्तकावरून. पहिला अल्बम १९७७ चा, ज्याला आता सगळे ‘१३१३’ म्हणतात. मग १२ मार्च १९७८ ला लंडनच्या न्यू लंडन थिएटरमध्ये तो प्रसिद्ध ‘रॉक इन अपोझिशन’ कार्यक्रम झाला, हेन्री काउने पुढाकार घेऊन भरवलेला, पाच देशांतले पाच बँड: इंग्लंडचा हेन्री काउ, इटलीचा स्टॉर्मी सिक्स, स्वीडनचा साम्ला मामास मान्ना, फ्रान्सचा एत्रों फू लेलुब्लां आणि बेल्जियमचे हे. रेकॉर्ड कंपन्या आम्हाला विचारत नाहीत ना, मग आम्हीच एकमेकांना धरून आपापल्या देशात कार्यक्रम लावू, असा सरळ हिशोब होता. ‘एरेझी’ त्याच्या पुढच्या वर्षी, १९७९ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या कीर्चबर्ग गावच्या सनराइज स्टुडिओत रेकॉर्ड झाला.

आता मुद्द्याचं. रॉक म्हटल्यावर जे डोळ्यासमोर येतं त्यातलं यात जवळजवळ काहीच नाही. मिशेल बर्कमान्सची बसून (bassoon) आणि ओबो ही फुंकवाद्यं, पात्रिक आनापिएचे व्हायोलिन आणि व्हायोला, गी सेगेर्सचा बास, देनीचे ड्रम, आणि रोजे त्रिगो गिटार, पियानो, ऑर्गन, हार्मोनियम असं सगळं सांभाळतोय. गिटार असून नसल्यासारखी, सोलो वगैरे विसरा. येस किंवा किंग क्रिमसन हे इंग्लंडचे रॉक बँड ऐकून इकडे येणाऱ्याला वाटतं की गिटारवाला आत्ता येईल, मग येईल, आणि तो काही येत नाही. पण बास आणि ड्रम मात्र पक्के रॉकचेच आहेत, त्यामुळे हे नुसतं वाद्यवृंदाचं संगीतही वाटत नाही. बार्टोक, स्ट्राविन्स्की या संगीतकारांची नावं या बँडबद्दल कायम घेतली जातात, आणि आल्बेर ह्यूब्रेख्ट्स नावाचा त्यांच्याच देशातला एक संगीतकार, ज्याला बेल्जियमबाहेर फारसं कोणी ओळखत नाही. या प्रकाराला लोक चेंबर रॉक म्हणतात. बरोबर आहे, पण चेंबर म्युझिक, म्हणजे मोजक्या वाद्यांचं पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत, म्हटल्यावर जे गोडगोड चित्र उभं राहतं ते पुसून टाका आधी.

आपल्या लोकांना इथे एक छुपा फायदा आहे असं माझं ठाम मत झालंय, आणि तो म्हणजे पेटी. हार्मोनियमचं पेटंट पॅरिसमध्ये १८४२ ला घेतलेलं, म्हणजे वाद्य मुळात तिकडचंच, पायाने भाता मारायचं, आणि आपल्या नाटक कंपन्यांनी आधी तेच पायपेटीचं रूप आणि ऑर्गन उचललं, हातपेटी नंतरची. बाबा दुपारी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते आणि मी आत ‘ला फो’ हा यातला पहिला ट्रॅक लावलेला, दारातून म्हणाले, “अरे ही पायपेटी आहे का? कोण वाजवतंय?” मी म्हटलं बेल्जियमचे आहेत. “मग असे तोंड पाडून का वाजवतायत?” एवढं बोलून परत पेपरात. पण बघा, बाकी जगात ज्यांना हार्मोनियमचा लांबवर धरलेला सूर ऐकला की चर्चमधलं प्रेत आठवतं त्यांच्यासाठी हे भयानक असेल, आपल्याला भजनापासून नाट्यपदापर्यंत तो आवाज घरचा आहे. त्यामुळे आपण थेट सुरांकडे जातो, की अरे हा खालचा सूर धरून ठेवलाय आणि वर व्हायोलिन त्याच्याशी जाणूनबुजून भांडतंय. बसूनचंही तेच, दुहेरी पत्तीचं वाद्य, म्हणजे नात्याने सनईचंच कुळ, फक्त खर्जातलं. लग्नातल्या सनईला कोणी अंधारकोठडीत बसवून वाजवायला लावलं तर असं काहीतरी होईल.

हा ‘ला फो’ पंचवीस मिनिटांचा आहे, एलपीची एक अख्खी बाजू. सुरुवातीला खूप वेळ फक्त एक घरघर, मधे कुठेतरी घासल्यासारखे, आपटल्यासारखे आवाज, आणि मग सेगेर्सचं ते पुटपुटणं आणि ओरडणं, कुठल्याच भाषेतलं नाही. लोक जे घाबरतात ते इथे. मला हा भाग आजही थोडा नाटकी वाटतो, खरं सांगायचं तर. पण मग साधारण तिसरा हिस्सा संपता संपता ड्रम आत येतात आणि अख्ख्या गोष्टीला पाय फुटतात. इथून पुढे देनी काय करतो ते नीट ऐका. तो ठेका धरत नाही. व्हायोलिनच्या ओळीत जिथे जोर आहे तिथेच त्याचा हात पडतो, मधेच दोन मात्रा खातो, आणि बसून ती जागा भरतो. मी बरेच दिवस समजत होतो की इथे मोकळं वाजवत असतील, पण नाही, सगळं लिहिलेलं आणि घोटलेलं आहे. हे कळतं कसं, तर तोच तुकडा पुन्हा येतो तेव्हा खाल्लेल्या त्या दोन मात्रा तिथल्या तिथेच असतात. एकदा हे पकडता आलं ना की मग कंटाळा हा शब्द तोंडातून निघत नाही, उलट सुरुवातीची घरघरसुद्धा लांबवलेली वाटत नाही, कारण पुढे काय येणार आहे ते ठाऊक असतं आणि आपण दबा धरून बसलेलो असतो.

वापराच्या दृष्टीने सगळ्यात मोठी अडचण म्हणजे आवाजाची चढउतार. हळू आहे तिथे इतकं हळू आणि मोठं आहे तिथे इतकं मोठं की लोकलमध्ये हा अल्बम ऐकायचा विचारच सोडून द्या. डोंबिवलीहून निघताना लावला तर ठाणे येईपर्यंत तुम्हाला पंखा आणि शेजाऱ्याचा फोन एवढंच ऐकू येतं, मग वैतागून आवाज वाढवता आणि बरोबर तेवढ्यात ड्रम कानात. घरीही स्वयंपाकघरात मिक्सर चालू असताना, खाली रिक्षा उभी असताना काही मजा नाही. माझा अनुभव असा की पाऊस चालू असताना खिडक्या बंद करूनही नीट ऐकू येत नव्हतं, आणि दिवाळीनंतर पंखा बंद ठेवता यायला लागला तेव्हा पहिल्यांदा समजलं की सुरुवातीच्या घरघरीत एक नाही, दोनतीन वेगवेगळे सूर आहेत आणि ते एकमेकांवर सरकतायत. म्हणजे ज्यांच्याकडे महागडी सिस्टिम नाही त्यांनी निदान पंखा बंद करून ऐका, फुकटात अपग्रेड. माझ्याकडे साधे बुकशेल्फ स्पीकर आणि जुना अँप्लिफायर आहे, त्यावर छान चालतं. कानात घालायच्या छोट्या इअरफोनवर बसूनचा खर्ज जातो, आणि तो गेला की अर्धा अल्बम गेला.

दुसऱ्या बाजूला दोन रचना. ‘जॅक द रिपर’ देनी आणि त्रिगो दोघांची, आणि ‘व्हू ले सोरे आं तां व्हूल्यू’ एकट्या त्रिगोची. ‘जॅक’बद्दल माझं मत महिन्यागणिक खाली गेलंय. चढत जाणारा भाग जबरदस्त आहे, पण तिथे पोचायला जो वेळ घेतलाय तो ‘ला फो’सारखा वसूल होत नाही, आणि पहिल्या बाजूच्या लगेच नंतर ऐकलं तर तेच तेच वाटतं. माझा उपाय साधा, दोन बाजू एका दमात ऐकायच्या नाहीत. एलपीच्या काळात लोक उठून बाजू पालटायचे, चहा टाकायचे, सीडीने ती सवय घालवली. शेवटची रचना मात्र उलट, सुरुवातीला मी तिच्याकडे लक्षच देत नव्हतो, आणि आता सगळ्यात जास्त तीच लावली जाते. त्यात एक हताशपणा आहे, पण आरडाओरडा नाही. पियानो आणि तंतुवाद्यं शांतपणे चालतात आणि एका जागी व्हायोला असा काही सूर लावते की पोटात कालवतं. हे रोज ऐकण्यासारखं आहे. ‘ला फो’ रोज ऐकू नका, डोकं जड होतं.

आता जमवाजमवीबद्दल, कारण या संगीताचे चाहते म्हणजे निम्मे श्रोते आणि निम्मे भंगारवाले. मूळ १९७९ ची एलपी हवीच असा हट्ट धरणारे आहेत आमच्या ओळखीत. मी समजू शकतो, पण ऐकण्यासाठी घेत असाल तर विचार करा. पंचवीस मिनिटं एका बाजूला बसवायची म्हणजे खोबण्या एकमेकींच्या जवळ कापाव्या लागतात, आवाजाची पातळी खाली ठेवावी लागते, आणि मग सुरुवातीच्या हळू भागात सुईची खरखर वर येते. म्हणजे जिथे शांतता सगळ्यात जास्त पाहिजे तिथेच कचकच. अमेरिकेतल्या क्युनिफॉर्म रेकॉर्ड्सने काढलेली सीडी मी घेतली, २०१० ची सुधारित आवृत्ती, त्यात जुन्या काळातला एक जादा ट्रॅकही आहे. तो जादा ट्रॅक कुतूहल म्हणून ठीक, आवाज कच्चा आहे. क्युनिफॉर्म १९८४ पासून हेच काम करतंय आणि या मंडळींचे बरेचसे अल्बम आज मिळतात त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. पार्सल मात्र कस्टममध्ये अडकून बसलं, ड्युटी लागली आणि शेवटी आलं तेव्हा डबीचं बिजागर तुटलेलं. डिस्क शाबूत होती, नवीन डबी मी टाकली, विषय संपला. डिजिटल घेतलंत तर हा सगळा व्याप वाचतो, फक्त मग पुस्तिका मिळत नाही, आणि मला या बँडच्या बाबतीत पुस्तिका पाहिजेच होती.

चाहत्यांची आवडती भांडणं दोन. एक, आरआयओ, म्हणजे ते रॉक इन अपोझिशन, कशाला म्हणायचं. कट्टर लोकांचं म्हणणं की ती चळवळ होती, १९७८ ला पाच बँड आणि मग आर्ट बेअर्स, आक्साक माबूल, आर्ट झोइड हे तीन येऊन मिळाले, बस्स, त्याच्याबाहेर कोणाला तो शिक्का लावू नका. बाकीचे प्रत्येक विचित्र अल्बमला आरआयओ म्हणतात. मी कट्टरांच्या बाजूने, कारण साम्ला मामास मान्नाचा जत्रेतला धिंगाणा आणि युनिव्हेर झेरोचा हा अंधार यांत ऐकायला काही म्हणजे काही साम्य नाही, एकत्र आले ते रेकॉर्ड कंपन्यांच्या विरोधात, शैली म्हणून नव्हे. दुसरं भांडण, सुरुवात कुठल्या अल्बमने करायची. जो तो नवख्या माणसाला ‘एरेझी’ देतो, शौर्य दाखवायला. माझ्या मते पहिल्यांदा ‘१३१३’ द्या, बरेचसे तुकडे लहान आहेत, ‘दॉक्तर पेत्यो’सारखी रचना लगेच पकडते. किंवा १९८१ चा ‘सो द्यू देऑर’ द्या, त्यातला पहिलाच ट्रॅक ‘दांस’ काम करून जातो. तिथून ‘एरेझी’वर आलात तर सुरुवातीचं दळण सहन होतं.

त्रिगो या अल्बमनंतर बाहेर पडला आणि त्याने प्रेझेंट नावाचा बँड काढला. १९८० चा त्यांचा पहिला अल्बम ‘त्रिस्कैदेकाफोबी’, म्हणजे तेरा आकड्याची भीती, आणि ड्रमवर पुन्हा देनीच. आधी १३१३, मग हे, या लोकांचं तेराशी काय वाकडं होतं कुणास ठाऊक. त्रिगो २०२१ मध्ये गेला. ‘एरेझी’ची शेवटची रचना आवडली असेल तर त्याचा माग प्रेझेंटमध्येच लागतो, फक्त तिथे गिटार दाबलेली नाही, आणि तेच तेच घोकत नेण्याची त्याची सवय तिथे पार टोकाला जाते.

घ्यावा का? काम करताना मागे काहीतरी वाजत राहावं म्हणून हवं असेल तर अजिबात घेऊ नका, दोन मिनिटांत बंद कराल. घरात लहान मूल झोपलेलं असेल तरी नको, ड्रमच्या जागा लक्षात ठेवून आवाज कमीजास्त करत बसणं हे काय ऐकणं झालं. पण नाट्यसंगीतात ऑर्गन कसा सूर भरतो हे ज्याच्या कानात आहे, किंवा ज्याला एकाच तुकड्यात पन्नास वेळा घुसून बघायची खोड आहे, त्याने डोळे झाकून घ्यावा. माझ्याकडून पाचपैकी चार, एक ‘जॅक’साठी कापला. आणि कोणाकडे यांचाच १९८४ चा ‘उझेद’ जादा असेल तर कळवा, बदल्यात हेन्री काउची एक सीडी देईन, डबी धड आहे तिची.