टेलिमार्कचं नवं सामान: ७५ मिलिमीटर की एनटीएन?

सप्टेंबर संपत आला की इथे सॉल्ट लेक सिटीत जुन्या स्कींचे बाजार भरायला लागतात आणि ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतो: "टेलिमार्क शिकायचंय, जुने बूट स्वस्तात मिळतायत, घेऊ का?" माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी बुटाच्या पुढच्या टोकाचा फोटो पाठव.

टेलिमार्क या स्कीइंगच्या प्रकारात सगळं त्या टोकावर ठरतं. चवडा स्कीला बांधलेला, टाच मोकळी, आणि वळण घेताना मागचा गुडघा पार खाली जातो. हे सगळीकडे सारखंच. पण बूट स्कीवर धरून ठेवायच्या दोन पद्धती आहेत आणि एकीचा बूट दुसरीत बसत नाही. म्हणून स्की आवडली, बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारा सांगाडा) सवलतीत मिळालं, या क्रमाने खरेदी केली की पैसे वाया जातात. आधी बूट, मग बाइंडिंग, स्की सगळ्यात शेवटी.

जुनी पद्धत ७५ मिलिमीटरची; हा आकडा बुटाच्या टोकाच्या रुंदीचा. बुटाला पुढे बदकाच्या चोचीसारखी चपटी पट्टी असते आणि तिच्या तळाला तीन भोकं. बाइंडिंगच्या तीन पिना त्यांत शिरतात आणि वरून चाप बसतो. नॉर्वेत १९२७ मध्ये आलेल्या रॉटेफेलाच्या घराण्यातलं हे बाइंडिंग. रॉटेफेला म्हणजे उंदराचा सापळा, आणि एकदा त्यात बूट अडकवून बघितलात की नाव का पडलं ते कळतं. पुढे टाचेमागून केबल आली, स्प्रिंगा आल्या, काही बाइंडिंगांतून पिना गेल्याही, चोच राहिली.

नवी पद्धत एनटीएन, म्हणजे न्यू टेलिमार्क नॉर्म. तीही रॉटेफेला कंपनीचीच, २००७ सालची. यात चोच नाही. बूट पुढे टोकाला पकडला जातोच, शिवाय पावलाच्या मध्याखाली तळव्याला एक खाच असते, तिथे दुसरा चाप बसतो. टाचेमागे केबल नाही.

आता पायाला काय फरक जाणवतो ते सांगते, कारण दुकानदार बहुतेक वेळा वजनाचंच बोलतात. ७५ मध्ये गुडघा खाली नेताना आधी जवळजवळ काहीच अडवत नाही, मग हळूहळू स्प्रिंग ताणली जाते. वळण गोल, सैलसर येतं. एनटीएनमध्ये टाच उचलायला लागल्यापासूनच पावलाखालून जोर येतो आणि स्की पायाबरोबर वळते. कडक, घासलेल्या बर्फावर स्कीची कड रोवून धरायची असेल तर एनटीएन सरळसरळ सरस आहे, यात माझ्या मते वाद नाही. पण सवय बदलायला वेळ लागतो. सात वर्षं ७५ वर काढून मी एनटीएनवर आले, तेव्हा इथल्या आल्टा स्की रिसॉर्टच्या अगदी सोप्या उतारावर तीन दिवस पडत होते. मागचा पाय मी उगाच फार मागे सोडत होते, एवढंच कारण.

७५ च्या बाजूने बोलायचं तर स्वस्ताई आणि साधेपणा. थ्री-पिन बाइंडिंगमध्ये बिघडण्यासारखं काहीच नाही. बर्फाळ माळावर लांब चालत जायचं असेल तर आजही ते हलकं आणि पुरेसं आहे. एक कटकट मात्र रोजची. भोकांत बर्फ दडपून बसतो आणि पिना आत जात नाहीत. मी त्यासाठी खिशात एक आखूड स्क्रूड्रायव्हर ठेवायचे.

खरी अडचण बुटांची आहे. नव्या बुटांवरचं काम गेली काही वर्षं मुख्यतः एनटीएनमध्येच होतंय. स्कार्पा या बूट कंपनीने २०२३-२४ च्या मोसमात नवा टीएक्स प्रो आणला तोही एनटीएनच. ७५ चे चांगले प्लास्टिक बूट बरेचसे जुन्या बाजारातच मिळतात, आणि प्लास्टिक म्हातारं होतं. चवड्यावर घड्या पाडलेल्या असतात ना, ॲकॉर्डियनच्या भात्यासारख्या, तिथे ते फुटतं. माझा असाच जुना बूट एका ओढ्याच्या तळाशी, गाडीपासून दोन तासांवर फुटला. रबरी पट्ट्या आवळून परत आले. तेव्हापासून जुना बूट हातात आला की मी घडी वाकवून उजेडात धरते. त्यांची बकलंही आता हुडकावी लागतात.

चढून जाणाऱ्यांसाठी एनटीएनमध्येच पुढची पायरी आहे. बऱ्याच नव्या एनटीएन बुटांच्या टोकाला दोन्ही बाजूंनी धातूच्या बारीक खोबणी असतात. ट्वेंटी-टू डिझाइन्सचं लिंक्स किंवा फ्रान्सचं मेइजो या बाइंडिंगांच्या पिना त्या खोबणींत बसतात. चढताना मागचा चाप सोडायचा; बूट पिनांवर बिजागरीसारखा फिरतो आणि स्प्रिंग ओढावी लागत नाही. लिंक्स साधारण अर्ध्या किलोचं, तर त्याच कंपनीचं आउटलॉ एक्स पाऊण किलोच्या वर. आउटलॉलाही चढायची सोय आहे, पण तासाभराने मांड्या फरक सांगतात. उलट दिवसभर लिफ्टवरच असाल तर आउटलॉसारखं भक्कम बाइंडिंग घ्या, लिंक्सचे जादा पैसे घालू नका.

सुटण्याचा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून मीच काढते. पडल्यावर पाय सोडवण्याची खात्री बहुतेक टेलिमार्क बाइंडिंगं देत नाहीत. हिमस्खलनाच्या उतारांवर हे फार महत्त्वाचं, कारण पायात अडकलेली स्की माणसाला खाली ओढते. मेइजोत बाजूने सुटण्याचा ताण बसवून घेता येतो. रोज डोंगरात जाणाऱ्याने नाजूकपणाच्या तक्रारी ऐकूनही त्याचा विचार करावा.

माझा कौल असा. पायाला नीट बसणारे, न फुटलेले ७५ चे बूट घरात असतील तर ते संपेपर्यंत वापरा. बूट नवे घ्यायचे असतील तर एनटीएन, आणि टोकाला खोबणी असलेलेच, मग आज लिफ्टवरच जात असलात तरी. नव्या बुटांची किंमत हजार डॉलरच्या उंबरठ्यावर आहे. तेवढे देऊन पुढच्या वर्षीचा रस्ता बंद करून घेऊ नका.

दुकानात बूट घालून नुसते उभे राहू नका. एक पाय मागे घ्या आणि गुडघा जमिनीजवळ न्या. घडी बरोबर चवड्याच्या सांध्यावर यायला हवी. पुढे-मागे आली तर बोटं चिरडतात. असं वीसेक मिनिटं करा, लोक बघतात, बघू द्या.

स्की कुठलीही साधी अल्पाइन, म्हणजे टाच बांधून उतरणाऱ्यांची, चालते. मध्याशी रुंदी ८५ ते १०० मिलिमीटर ठीक. भुसभुशीत बर्फाच्या नादाने पहिल्याच वर्षी ११० घेतलीत तर कडक सकाळी घोटे रडतील. जुनी स्की असेल तर आधीच्या बाइंडिंगांच्या स्क्रूंची भोकं मोजा.

यंदाचा पहिला फोटो परवा आला. चोच, तीन भोकं, पिनांनी ती झिजलेलीही नाहीत. घडीवर मात्र नखाएवढी पांढरी रेघ.

"किती मागतोय?"

"दहा डॉलर."

घेऊन टाक म्हटलं, घालू मात्र नकोस. बकलं काढून मला आणून दे.