दुकानाचा फ्लोअर की औषधांचा काउंटर?

सुपरमार्केटमधली नोकरी पंधरा दिवसांत लागू शकते. फार्मासिस्टची खुर्ची मिळायला काही वर्षं अभ्यास करावा लागतो. या दोन्हींत घुटमळणारे लोक मला हमखास एकच प्रश्न विचारतात: "सध्या भरती कुठे जोरात आहे?" भरतीच्या कामात बरीच वर्षं काढल्यावर मला त्यातल्या 'सध्या' या शब्दाचाच धसका बसलाय. रिटेलला, म्हणजे दुकानातल्या विक्रीच्या कामाला, तो लागू पडतो, कारण तिथली मागणी हंगामाबरोबर चढते-उतरते. फार्मसीत मात्र आजची मागणी बघून प्रवेश घेतलेला माणूस बाजारात उतरतो तोवर चित्र पालटलेलं असतं.

अमेरिकेत हा झोका सगळ्यात स्पष्ट दिसतो. 2000 च्या सुमारास तिथे फार्मासिस्ट मिळेनात. मग कॉलेजं निघत गेली. तेव्हा 80 च्या आसपास होती, ती दोन दशकांत 140 च्या पुढे गेली. त्यातून मुलं बाहेर पडेपर्यंत जागा भरल्या होत्या, आणि मग प्रवेशासाठी येणारे अर्जही आटले. कोविडमध्ये लसीकरणाचं काम अंगावर आलं आणि पुन्हा माणसांची ओढाताण सुरू झाली. 2022 मध्ये वॉलग्रीन्स या औषधदुकानांच्या साखळीने काही ठिकाणी फार्मासिस्टला नुसतं रुजू होण्यासाठी 75,000 डॉलरपर्यंत बोनस देऊ केला होता. ऑक्टोबर 2024 मध्ये त्याच कंपनीने तीन वर्षांत सुमारे 1,200 दुकानं बंद करणार असल्याचं जाहीर केलं. सीव्हीएस या दुसऱ्या साखळीने 2021 मध्येच 900 च्या आसपास दुकानं मिटवण्याची घोषणा केली होती. राइट एड ही तिसरी साखळी 2023 मध्ये दिवाळखोरीत गेली आणि 2025 मध्ये तिचं शेवटचं शटरही पडलं. औषधांमागे विमा-मध्यस्थांकडून मिळणारे पैसे घटले, आणि दुकानाच्या पुढच्या भागातला शाम्पू-बिस्किटांचा धंदा ऑनलाइनने खाल्ला. आता हिशेब करा: 2022 ची बोनसची बातमी वाचून जो फार्म.डी. या फार्मासिस्टच्या चार वर्षांच्या पदवीच्या पहिल्या वर्षात बसला, तो 2026 मध्ये बाहेर पडतोय.

म्हणून फार्मसीला नाही म्हणा, असं मी सांगत नाही. दुकानं मिटली तरी प्रिस्क्रिप्शनं मिटत नाहीत, ती शेजारच्या दुकानात जातात. तिथल्या काउंटरवरचं काम वाढतं आणि माणसं मात्र तेवढीच राहतात. 2023 च्या सप्टेंबरमध्ये कॅन्सस सिटीत सीव्हीएसचे आणि पुढच्याच महिन्यात वॉलग्रीन्सचे फार्मासिस्ट काम सोडून बाहेर पडले, तेव्हा त्यांची मुख्य तक्रार हाताखाली पुरेशी माणसं नसल्याची होती. नोकरीच्या जाहिरातीत ही गोष्ट कधीच नसते.

दारं किती रुंद?

रिटेलचं दार सताड उघडं असतं. अर्ज मोबाइलवरून, बायोडेटा नसला तरी चालतो, चार प्रश्न चॅटबॉट विचारतो आणि मुलाखतीची वेळही तोच देतो. हंगाम आला की हे दार आणखी रुंदावतं: अ‍ॅमेझॉनने अमेरिकेत 2023 आणि 2024 या दोन्ही वर्षी सणांच्या गर्दीसाठी अडीच-अडीच लाख माणसं घेण्याचं जाहीर केलं. अशा भरतीत विचारायचा प्रश्न एकच: गेल्या हंगामात घेतलेल्यांपैकी जानेवारीनंतर किती जण राहिले? उत्तर आकड्यात आलं तर ठीक. "चांगलं काम केलंत तर नक्की बघू" असं आलं तर ती नोकरी दोन महिन्यांची समजा.

या अर्जांवर पहिली कात्री कुठे चालते, ते ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. माझ्या अनुभवात अर्जदार अनुभवावर किंवा शिक्षणावर फारसे गळत नाहीत. ते गळतात 'कोणत्या दिवशी, किती ते किती वाजता येऊ शकाल' या चौकटीत. शनिवार-रविवार संध्याकाळवर खूण केली नाही, तर उरलेला अर्ज कुणी उघडतही नाही. खोटी खूण करू नका, पण जमत असेल तर ती करायला विसरू नका.

निवडीत यंत्राचा हात आहे हेही गृहीत धरा. व्हिडिओ मुलाखतीत चेहऱ्यावरचे हावभाव मोजणारं सॉफ्टवेअर हायरव्ह्यू या कंपनीने टीका झाल्यावर 2021 मध्ये मागे घेतलं. न्यूयॉर्क शहरात जुलै 2023 पासून अशा साधनांचं दरवर्षी पक्षपात-तपासणीचं ऑडिट करावं लागतं. युरोपीय संघाच्या एआय कायद्याने भरतीची साधनं थेट 'जास्त जोखमीच्या' यादीत घातली आहेत. पण तुमचं शनिवारचं उत्तर यंत्राने वाचलं काय आणि माणसाने वाचलं काय, निकाल तोच.

फार्मसीचं दार अरुंद आहे आणि त्याची किल्ली सरकारकडे असते. अमेरिकेत फार्म.डी. आणि लायसन्सची परीक्षा लागते. ब्रिटनमध्ये 4 वर्षांची पदवी, वर अख्ख्या वर्षाचं प्रशिक्षण आणि नोंदणीची परीक्षा. भारतात डी.फार्म. या पदविकेची 2 वर्षं आणि 500 तासांचं प्रशिक्षण झालं की नोंदणीच्या वाटेला लागता येतं. तुमची उलटतपासणी नोंदणीआधीच झालेली असते, त्यामुळे मुलाखत बऱ्याचदा छोटी होते. तरी एक कागद तुमच्यापुढे सरकवला जाण्याची तयारी ठेवा. त्यावर संधिवाताच्या रुग्णासाठी मेथोट्रेक्सेट लिहिलेलं असतं, 'रोज 1 गोळी'. मुलाखत घेणारा गप्प बसून बघत असतो. संधिवातात हे औषध आठवड्यातून एकदाच घेतात. रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. कोण गोळ्या मोजायला घेतो, कोण स्वतःच 'रोज' खोडून 'आठवड्याला' करतो, आणि कोण "डॉक्टरांना फोन लावतो" म्हणतो, यावर निवड ठरते. माझ्या मते दोन्ही क्षेत्रांतला खरा फरक या कागदात आहे. फ्लोअरवर चुकीची वस्तू दिली तर ती परत घेता येते.

तास आणि रोस्टर

रिटेलमध्ये पगाराच्या दरापेक्षा आठवड्याला किती तास मिळणार हे जास्त महत्त्वाचं. तासाचा दर चांगला, पण या आठवड्यात 32 तास आणि पुढच्या आठवड्यात 14, अशाने घरभाडं भरता येत नाही. याच गोंधळामुळे सॅन फ्रान्सिस्कोने 2014 मध्ये मोठ्या साखळ्यांना दोन आठवडे आधी रोस्टर, म्हणजे कोण कधी कामावर याचं वेळापत्रक, देणं बंधनकारक केलं, आणि 2017 मध्ये ओरेगॉनने राज्यभरासाठी तसा कायदा केला. जिथे असा कायदा नाही, तिथे मुलाखतीत सरळ म्हणा: मागच्या चार आठवड्यांचं रोस्टर बघायला मिळेल का? मी असतो तर तेच पहिल्यांदा मागितलं असतं.

फार्मासिस्टला तासांची हमी जास्त मिळते, कारण बहुतेक देशांत त्याच्याशिवाय काउंटर कायद्याने चालू शकत नाही. पण तीच बेडीही होते. कॅशिअरला कुणी पाच मिनिटं बदली देऊ शकतं. एकट्या फार्मासिस्टला जेवायला जायचं तर खिडकी बंद करावी लागते, आणि बाहेर रांग उभी असते.

कॅशिअर संपणार, ही भीती मी फार ऐकतो. सेल्फ-चेकआउटने, म्हणजे ग्राहकाने स्वतः बिल करायच्या यंत्रांनी, कॅशिअरची कामं कमी केली हे खरंच आहे, पण वारं एकाच दिशेने वाहत नाही. ब्रिटनच्या बूथ्स या सुपरमार्केट साखळीने 2023 मध्ये जवळपास सगळ्या दुकानांतून ही यंत्रं काढून टाकली. अमेरिकेतल्या टार्गेट या साखळीने 2024 मध्ये बहुतेक दुकानांत त्यांच्यावर 10 वस्तूंची मर्यादा घातली. तेव्हा फ्लोअरवरचं काम उरेल, पण ते सहा मशीनवर नजर ठेवण्याचं, ऑनलाइन ऑर्डर शेल्फवरून उचलून भरण्याचं आणि चोरी रोखण्याचं असेल.

फार्मसीतला बदल उलट्या दिशेचा आहे. गोळ्या मोजून भरायचं काम मोठ्या साखळ्या यंत्रांकडे, एका मध्यवर्ती केंद्राकडे सरकवत आहेत, आणि माणसाकडे रुग्ण येतोय. इंग्लंडमध्ये 31 जानेवारी 2024 पासून 'फार्मसी फर्स्ट' योजनेत फार्मासिस्ट सात साध्या आजारांवर थेट उपचार देऊ शकतात, आणि 2026 पासून नव्याने नोंदणी होणाऱ्या फार्मासिस्टना तिथे स्वतः औषध लिहून देण्याचा अधिकार असेल. ज्यांना माणसांशी बोलायचा कंटाळा आहे आणि 'काउंटरमागे शांत काम' म्हणून फार्मसीकडे ओढले जाताहेत, त्यांनी हे दोनदा वाचावं.

बढतीचं थोडक्यात. रिटेलची शिडी खालून सुरू होते आणि लांब असते. अमेरिकेतल्या आपल्या स्टोअर व्यवस्थापकांपैकी सुमारे 75 टक्के तासावर काम करणारे म्हणून लागले होते, असं वॉलमार्ट सांगतं. फार्मासिस्ट वरच्या पायरीवरूनच सुरुवात करतो, पण दुकानात पुढे फार पायऱ्या नसतात. मग हॉस्पिटल किंवा औषध कंपनीकडे वळावं लागतं.

निर्णय होत नसेल तर मधली एक जागा आहे, तिच्याकडे लोक का बघत नाहीत कळत नाही. फार्मसी असिस्टंट किंवा टेक्निशियन. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी काम करता करता शिकता येतं, ब्रिटनमध्ये टेक्निशियनला 2011 पासून नोंदणी सक्तीची आहे. पगार रिटेलच्या जवळपासचाच असतो, पण वर्षभरात कळतं की त्या खिडकीमागे उभं राहणं तुम्हाला झेपतं की नाही.

आणि कुठलीही ऑफर घेण्याआधी त्या दुकानात आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी सहाच्या सुमाराला ग्राहक म्हणून अर्धा तास जा. काउंटरमागे किती माणसं आहेत ते मोजा. वाजणारा फोन कुणी उचलतंय का ते बघा.