पॅच पाठवायचा कसा: जीमेलात चिकटवून की सेंड-ईमेलने?

हिंजवडीच्या बसमध्ये बसल्याबसल्या ब्राउझरमधल्या जीमेलात डिफ (कोडमध्ये काय बदललं ते दाखवणारा मजकूर) चिकटवून पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, पाठवता येतो, सेटअप शून्य. पण लिनक्स कर्नलसारख्या (लिनक्सचा गाभा), ईमेलने पॅच घेणाऱ्या प्रकल्पात तो समोरच्याच्या कोडवर बहुधा बसणारच नाही. जीमेल टॅबच्या जागी स्पेस घालतं आणि ७८ अक्षरांवर ओळ तोडतं. कर्नलच्या कोडमध्ये ओळीआधीची जागा टॅबनेच सोडतात. समोरच्याने 'गिट एएम' (गिट या कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनाची, मेलमधला पॅच कोडला लावणारी आज्ञा) चालवलं की 'करप्ट पॅच' म्हणून तो परत. शिवाय नुसत्या डिफमध्ये लेखकाचं नाव आणि कमिटचा, म्हणजे गिटमध्ये नोंदलेल्या बदलाचा, मेसेजही नसतो.

'गिट फॉरमॅट-पॅच' दर कमिटची वेगळी फाइल बनवतं, 'गिट सेंड-ईमेल' ती जशीच्या तशी धाडतं. पहिल्या दिवशी सेटअपला अर्धा तास जातो: एसएमटीपी सर्व्हर (मेल बाहेर पाठवणारा), पोर्ट ५८७, आणि जीमेलसाठी नेहमीचा नव्हे तर अॅप पासवर्ड (गूगल एखाद्या अॅपसाठी वेगळा बनवून देतं तो). ऑफिसच्या नेटवर्कवर हा पोर्ट बंद असेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट लावा.

सुधारित पॅचला 'व्ही२' (दुसरी आवृत्ती) लावा. काय बदललं ते पॅचच्या फाइलमधल्या तीन डॅशच्या (---) रेघेखाली लिहा, म्हणजे ते कमिटमध्ये शिरत नाही. आणि आधी स्वतःलाच पाठवून वेगळ्या ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या शाखेवर) लावून बघा.

एका ओळीची दुरुस्ती असली तरी सेंड-ईमेलच. डिफ चिकटवायचा तो शेजारच्या टेबलावरच्या मित्राला दाखवायला.