जनगणनेचे डिजिटल ग्रंथालय आणि सोलापुरातील पूर्वजांचा शोध

भारताचे महानिबंधक व जनगणना आयुक्त यांच्या कार्यालयाने जुन्या जनगणनांचे अहवाल, तक्ते आणि जिल्हा पुस्तिका आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य खुल्या केल्या आहेत. वंशावळ शोधणाऱ्या सोलापूरकराला या डिजिटल ग्रंथालयाचा कितपत उपयोग होतो, एवढ्याच दृष्टीने हे परीक्षण लिहिले आहे. माझा निष्कर्ष आधीच सांगतो. येथे आपल्या पणजोबांचे नाव सापडणार नाही. परंतु पणजोबा ज्या गावातून निघाले आणि ज्या शहरात येऊन राहिले, त्या दोन्ही ठिकाणांविषयी घरातल्या कोणत्याही वडीलधाऱ्या माणसाला ठाऊक नसलेली माहिती येथे मिळते, आणि नाव कोणत्या कचेरीत शोधावे याची दिशाही मिळते.

नाव का सापडत नाही, हे नीट समजून घेतले नाही तर या ग्रंथालयाबद्दल निष्कारण निराशा होते. इंग्लंड आणि अमेरिकेत वंशावळीचा शोध जनगणनेपासूनच सुरू होतो, कारण तेथे घरोघरी भरलेली मूळ पत्रके जपून ठेवलेली आहेत आणि ठरावीक काळानंतर ती सर्वांना पाहता येतात. ब्रिटनमध्ये ही मुदत सर्वसाधारणपणे १०० वर्षांची आहे आणि अमेरिकेत ७२ वर्षांची. त्यामुळे अमेरिकेची १९५० ची पत्रके एप्रिल २०२२ मध्ये नावानिशी खुली झाली. आपल्याकडे माणसांची नोंद घराघरांतून काळजीपूर्वक झाली, पण तक्ते तयार होऊन अहवाल छापले गेल्यावर त्या मूळ पत्रकांचे काम संपले असे मानून ती नष्ट करण्यात आली. शिवाय १९४८ च्या जनगणना अधिनियमाच्या कलम १५ नुसार गणनेतील वैयक्तिक नोंद कोणालाही पाहता येत नाही, आणि त्या अधिनियमाखालील खटले वगळता ती न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाही. प्रगणकाला सांगितलेली माहिती सरकारच्या दुसऱ्या हातात पडू नये, हा या कलमामागचा हेतू मला योग्यच वाटतो. मात्र शंभर वर्षांनंतरही ती कोणाच्या उपयोगी पडू नये, हे वंशावळीच्या अभ्यासकाला मनापासून बोचते.

हे मुद्दाम सविस्तर सांगण्याचे कारण असे, की जात पडताळणीसाठी पुरावा शोधणारी अनेक कुटुंबे 'जुन्या जनगणनेत आपली नोंद असेल' या आशेने इकडे वळतात. १९३१ पर्यंतच्या अहवालांत जातवार तक्ते आहेत हे खरे, पण त्यांत अमुक जातीचे इतके पुरुष आणि इतक्या स्त्रिया एवढेच आहे. व्यक्तीचा दाखला म्हणून त्यांचा उपयोग शून्य आहे. त्या कामासाठी आलेल्याने येथे वेळ घालवू नये.

ज्याला दाखला नको असून घराण्याची वाटचाल समजून घ्यायची आहे, त्याच्यासाठी मात्र चित्र बदलते. आमच्या घराण्याची एक शाखा तुळजापूर तालुक्यातील, म्हणजे त्या काळच्या निजामी मुलखातील; आजीचे माहेर अक्कलकोट संस्थानातील; आणि गिरणीच्या कामामुळे सर्वजण अखेरीस इंग्रजी अमलातील सोलापूर शहरात स्थिरावले. आज एस. टी. ने तासाभरात तुळजापूर गाठता येते, पण १९४८ पूर्वी हे तीन वेगवेगळे कारभार होते आणि तिन्हींचे कागद वेगळे राहिले. जनगणनेच्या ग्रंथालयात हा भेद डोळ्यांसमोर येतो. सोलापूर जिल्हा मुंबई इलाख्याच्या खंडांत आहे. अक्कलकोट त्याच इलाख्याच्या संस्थानांच्या तक्त्यांत आहे. तुळजापूरसाठी हैदराबाद संस्थानाचा स्वतंत्र खंड उघडावा लागतो, आणि तेथेही १९०१ पर्यंतच्या खंडांत आजचा धाराशिव जिल्हा नळदुर्ग या नावाने शोधावा लागतो. आपले घराणे नेमके कोणाच्या हद्दीतले, हे एकदा पक्के झाले की पुढचा निम्मा शोध सोपा होतो, कारण जमिनीचे, शाळेचे आणि जन्ममृत्यूचे कागद त्या त्या कारभाराच्या रीतीने आणि लिपीत लिहिले गेले आहेत.

माझ्या दृष्टीने या ग्रंथालयातील सर्वांत मोलाचे तक्ते जन्मस्थानाचे आणि मातृभाषेचे आहेत. सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू घराघरांत बोलली जाते, आणि 'आम्ही इथलेच' म्हणणाऱ्या कितीतरी कुटुंबांची मुळे दोन-तीन पिढ्यांमागे करीमनगर, विजापूर किंवा गुलबर्ग्याकडे पोहोचतात. जिल्ह्यात मोजलेल्या माणसांपैकी किती जण जिल्ह्याबाहेर जन्मले आणि कोणत्या प्रांतातून वा संस्थानातून आले, हे जन्मस्थानाच्या तक्त्यात दिसते. एकामागून एक दशकांचे तक्ते शेजारी ठेवून वाचले की आपल्या घरात सांगितली जाणारी 'दुष्काळात आलो', 'गिरणी सुरू झाली तेव्हा आलो' ही वाक्ये तपासून पाहता येतात. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाने या जिल्ह्याची लोकसंख्या घटली आणि १८८१ च्या गणनेत ती सुमारे ५ लाख ८२ हजार भरली. त्यानंतर प्लेगची झळ बसूनही १९०१ मध्ये ती सुमारे ७ लाख २१ हजार होती. सोलापूरची पहिली कापड गिरणी, आपण जिला जुनी मिल म्हणतो ती, याच १८७० च्या दशकातली आहे. दुष्काळाने उठवलेला माणूस आणि गिरणीने बोलावलेला माणूस यांत पुष्कळदा फरक करता येत नाही, हे या आकड्यांकडे पाहताना लक्षात येते, आणि घरातील आठवणी एकमेकींशी विसंगत का वाटतात याचाही उलगडा होतो.

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. १८८१ पासून १९३१ पर्यंतची गणना एका ठरलेल्या रात्रीची असे. त्या रात्री माणूस जेथे असेल तेथे तो मोजला जाई. त्यामुळे पंढरपूरसारख्या यात्रेच्या गावाची किंवा हंगामी मजुरांच्या पेठेची संख्या तेथील कायमच्या रहिवाशांची संख्या समजू नये. १९३१ च्या गणनेची रात्र २६ फेब्रुवारीची होती. सोलापूरच्या मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या स्वातंत्र्यसैनिकांना येरवड्यात फाशी दिल्याला तेव्हा दोन महिनेही लोटले नव्हते, आणि काँग्रेसने त्या गणनेवर बहिष्काराचे आवाहन केलेले होते. मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, भोगलेल्या शहरातील लोकांनी दारात आलेल्या सरकारी प्रगणकाला किती मोकळेपणाने माहिती दिली असेल, याचा विचार १९३१ चा शहराचा आकडा वाचताना मनात ठेवावाच लागतो.

गावपातळीवर जायचे असेल तर १९५१ पासून निघालेल्या जिल्हा जनगणना पुस्तिका हेच खरे धन आहे. १९५१ च्या पुस्तिकेत उपजीविकेचे आठ वर्ग आहेत, चार शेतीचे आणि चार शेतीबाहेरचे. त्यांवरून त्या गावात स्वतःची जमीन कसणारे किती, दुसऱ्याची जमीन कसणारे किती आणि मजूर किती, याचा अंदाज येतो. आपले घराणे कुळ होते की खातेदार, हे कळण्यासाठी फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कांतील बदलांची नोंद, पाहावा लागतो, पण गावाचा एकंदर तोल आधी माहीत असला तर फेरफारातील नोंदीचा अर्थ अधिक नीट लागतो. १९६१ च्या गणनेत कामकऱ्यांचे नऊ वर्ग केले गेले आणि त्यांत घरगुती उद्योग हा वर्ग कारखान्यांपासून स्वतंत्र ठेवला गेला. ज्या शहरात घराच्या पुढच्या खोलीत माग आणि मागच्या खोलीत चूल असे, त्या शहरासाठी हा भेद किती महत्त्वाचा आहे, हे साखर पेठेत किंवा पाच्छा पेठेत वाढलेल्याला वेगळे सांगायला नको. शहराची माहिती वॉर्डाच्या क्रमांकाने दिलेली असल्याने जुन्या वॉर्डांत कोणत्या पेठा येत, हे मात्र आधी शोधून ठेवावे लागते.

१९६१ च्याच मालिकेत महाराष्ट्रातील जत्रा आणि उत्सवांचा एक खंड आहे, आणि वंशावळीच्या कामात त्याचा जो उपयोग होतो तो फार थोड्यांच्या ध्यानात येतो. मूळ गावाचे नाव विसरलेले, पण कुलदैवत आणि जत्रेचा महिना न विसरलेले अशी असंख्य कुटुंबे आपल्याकडे आहेत. जत्रेचे गाव, देवता आणि तिथी यांची माहिती तेथे जिल्हावार दिलेली असल्याने शोधाचे क्षेत्र एकदम आटोक्यात येते. माझ्या मते या एका खंडासाठीही हे ग्रंथालय उघडणे सार्थ आहे.

आता वापराच्या सोयीविषयी. बहुतेक जुने साहित्य इंग्रजीत आहे, आणि ते छापील पानांची चित्रे असलेल्या पीडीएफ स्वरूपात आहे. चित्रातील अक्षरे यंत्राला नेहमीच नीट वाचता येत नसल्याने गावाचे नाव लिहून थेट पानावर पोहोचण्याची अपेक्षा ठेवू नये. अनुक्रमणिका वाचून तक्त्यापर्यंत जावे. जुन्या खंडांत आपल्या शहराचे नाव 'शोलापूर' आहे आणि गावांची नावे इंग्रज कारकुनाच्या कानाला जशी ऐकू आली तशी आहेत, म्हणून एकाच गावासाठी दोन-तीन लेखनपद्धती ताडून पाहाव्यात. आडवे पसरलेले तक्ते मोबाइलवर वाचणे डोळ्यांना त्रासाचे होते. संगणक किंवा छापील प्रत हाच चांगला मार्ग आहे. तालुकावार मराठी सूची जोडली गेली, तर ग्रामीण वाचकाला या संग्रहाचा लाभ कितीतरी पटीने होईल, आणि हे काम आपल्याकडील एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागालाही सहज करता येण्यासारखे आहे.

नाव शोधण्यासाठी जेथे जायचे, त्या कागदांत पहिला मान शाळेच्या जनरल रजिस्टरचा. विद्यार्थ्याचे पूर्ण नाव, जात, जन्मतारीख आणि जन्मस्थळ एकाच ओळीत देणारा दुसरा जुना कागद क्वचितच असेल. त्याखालोखाल गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकातील जन्ममृत्यूच्या नोंदी, आणि तलाठ्याकडील फेरफार. जुन्या नोंदी मोडी लिपीत असतात आणि निजामी मुलखातील बऱ्याच उर्दूत, म्हणून त्या लिपी जाणणारा माणूस बरोबर असणे हिताचे. कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्य शासनाने २०२३ मध्ये जी कागदपत्रांची यादी वापरली, तिच्यात 'नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर, सन १९५१' याचाही समावेश आहे. हे रजिस्टर १९५१ च्या जनगणनेच्या वेळी कुटुंबवार नावांसह तयार झाले होते, म्हणजे जनगणनेतून उतरलेला आणि नावे असलेला हा एकमेव कागद. आपल्या तालुक्याच्या अभिलेख कक्षात त्याची प्रत आहे का, हे अर्ज करून अवश्य विचारावे.

पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात असल्याचा एक लाभ सोलापूरकराला आहे. तेथील क्षेत्रोपाध्यांच्या, म्हणजे तीर्थक्षेत्रातील पुरोहितांच्या, वह्यांत वारीला आलेल्या यजमानांची नावे गावासह लिहून ठेवण्याची परंपरा आहे, आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडे तर एकेका घराण्याच्या अनेक पिढ्या सलग मिळू शकतात. वहीत नाव शोधायला मूळ गाव आणि आडनाव सांगावे लागते; ते गाव निश्चित करण्याचे काम जनगणनेचे खंड करतात. अमेरिकेतील लॅटर-डे सेंट्स चर्च चालवत असलेल्या 'फॅमिलीसर्च' या विनामूल्य संकेतस्थळावरही हिंदू तीर्थक्षेत्रांच्या वह्यांची छायाचित्रे आहेत, पण त्यांत भर मुख्यतः हरिद्वारसारख्या उत्तरेकडील क्षेत्रांवर असल्याने आपल्या भागातील घराण्याला तेथे फारसे हाती लागण्याची शक्यता कमी.

एखादा खंड जनगणनेच्या ग्रंथालयात उघडला नाही किंवा त्याची पाने अस्पष्ट निघाली, तर पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाचा डिजिटल संग्रह पाहावा. जनगणनेचे अनेक जुने खंड तेथेही विनामूल्य वाचता येतात. मुंबई इलाखा, मुंबई राज्य आणि १९६० नंतरचा महाराष्ट्र अशा तिन्ही नावांनी तेथे शोध घ्यावा.