ड्रम ट्रिगर करून देणाऱ्याने लावलेला चुना

नागपुरात फ्लॅटमध्ये राहून ड्रम वाजवणाऱ्यांनी हे वाचाच. शेजाऱ्यांच्या कटकटीला कंटाळून मी माझा पाच ड्रमचा साधा सेट इलेक्ट्रॉनिक करून घ्यायला इतवारीकडच्या एका कारागिराला दिला. नाव लिहीत नाही, तक्रार सुरू आहे.

काम मुळात खोटं नाही. नेहमीचं हेड, म्हणजे ड्रमवर ताणलेला पडदा, काढून जाळीचं मेश हेड चढवायचं, आत पिझो डिस्क बसवायची. काठी पडली की पिझो त्या धक्क्याची वीज करतो आणि मॉड्यूल, म्हणजे आवाज काढणारा इलेक्ट्रॉनिक डबा, त्यावर आवाज काढतं. सुटी पिझो डिस्क काही फार महाग नसते, हे आधी माहीत असू द्या. पैसे घेतात ते मेश हेडचे आणि हाताच्या सफाईचे.

ठरलं होतं दोन थरांचं मेश आणि ड्युअल झोन, म्हणजे हेडवर मारलं तर एक आवाज, रिमवर, म्हणजे कडेच्या कड्यावर, मारलं तर दुसरा. दुकानात त्याने स्वतःच्या तयार स्नेअरवर (सेटमधला मुख्य ड्रम) वाजवून दाखवलं, झकास वाजलं. माझा सेट मात्र गुंडाळूनच हातात दिला. "होऊन जाईन भाऊ, टेन्शन नका घेऊ," हे वर.

घरी रिमवर मारलं तर हेडचाच आवाज, तोही मरतुकडा. टॉमवर, म्हणजे सेटमधल्या दुसऱ्या ड्रमवर, मारलं की स्नेअर वाजायचा. फोन केला तर म्हणे, "तुमचं मॉड्यूल गेलंय, माझ्याकडे एक सेकंडहँड आहे." खरा डाव इथे होता! मित्राचा पॅड त्याच मॉड्यूलला, त्याच केबलने लावला, दोन्ही झोन चोख वाजले.

मग स्नेअर उघडला. रिमचा पिझो शेलला, म्हणजे ड्रमच्या लाकडी पिंपाला, व्यवस्थित चिकटवलेला, पण त्याच्या वायरी बोटभर ठेवून कापलेल्या आणि काळ्या टेपखाली दाबलेल्या. केबल खोचायचा जॅक मोनो, दोनच पायांचा. ड्युअल झोनला तीन पायांचा स्टिरिओ जॅक लागतो, म्हणजे ते काम त्याला करायचंच नव्हतं. मेश एकाच थराचं, खिडकीला लावतात त्या जाळीसारखं. आणि शेलला हवेचं भोक आधीच होतं, जॅक तिथून निघाला असता. गड्याने शेजारी नवं भोक पाडून ठेवलं. लाकूड काही परत भरत नाही.

टॉमवर मारल्यावर स्नेअर वाजणं हा क्रॉसटॉक. तो मॉड्यूलच्या सेटिंगमध्ये थोडाफार आवरता येतो, तेवढ्यावरून कुणी नवीन मॉड्यूल गळ्यात मारू लागलं तर ऐकू नका. आपलं मॉड्यूल आणि स्टिरिओ केबल दुकानात न्या, प्रत्येक रिम तिथेच वाजवून बघा, एक ड्रम उघडायला लावा. बाकीचे पैसे त्यानंतर.

पक्कं बिल त्याने दिलं नाही. व्हॉट्सॲपवर "ड्युअल झोन" लिहिलेला त्याचा मेसेज आणि यूपीआयची नोंद एवढंच हातात आहे. त्यावरच १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली. जुनी हेडं अजून त्याच्याकडेच आहेत, विचारलं की फोन कट करतो.