शाळेच्या बैठकीची तयारी करून देणारं म्हापशातलं केंद्र

दिव्यांग मुलांच्या पालकांना शाळेतल्या बैठकीसाठी तयार करणाऱ्या या केंद्राचा खरा उपयोग बैठकीआधीच्या तासाभरात होतो. मुलाने काय, कधीपर्यंत आणि कोणाकडे शिकायचं हे ठरवणाऱ्या शैक्षणिक आराखड्यातलं ‘वाचनात मागे’ हे वाक्य केंद्रातले लोक खोडायला लावतात. त्याजागी: ‘आज मिनिटाला 18 शब्द, गणेश चवथीच्या सुट्टीपर्यंत 30, रोज 20 मिनिटं, विशेष शिक्षिकेकडे.’ मोजता येणारं उद्दिष्ट नसलं, जबाबदार कोण ते लिहिलं नसलं, की आराखडा फायलीतच पडून राहतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 च्या कलम 16 आणि 17 ची, म्हणजे सर्वसमावेशक शिक्षणासाठी शाळेने आणि सरकारने काय करायचं ते सांगणाऱ्या कलमांची, प्रतही देतात. शाळा ‘बघू’ म्हणाली, तर त्याच संध्याकाळी ठरलेले मुद्दे ईमेलने कळवा, हा सल्ला लाखमोलाचा.

एक उणीव मात्र खटकते: केंद्राचे सगळे लेखी नमुने इंग्रजीत. सही करणाऱ्या आईला ते मराठी-कोंकणीत मिळायलाच हवेत.